रिकामा काटा

सियागंजात बाबांचं दुकान, दीड खणाचं.
पाटीवर: पुणतांबेकर तोलकाटे, दुरुस्ती व सत्यापन.
आत साखळ्या, पारडी, दांड्या,
आणि एक रेडिओ, जो फक्त बाबांनाच ऐकू येतो.

तिथे मी दोन पत्रं घेऊन गेले,
गुरुवारी दुपारी, लाईट गेलेली असताना.

एक सुपर कॉरिडॉरचं. तीन पानं.
वर्षाला सहा लाख ऐंशी हजार; त्यातले हातात किती,
हे विचारल्यावर फोनवरच्या बाई गोड हसल्या होत्या.
रात्री नऊ ते सकाळी सहा, जायला-यायला गाडी,
आई-बाबांसकट पाच लाखांचा विमा,
शिवाय पोहण्याचा तलाव.
तेजस तिथे दोन वर्षं आहे, तो सांगतो,
तलावात उतरलेलं माणूस अजून बघितलं नाही.

दुसरं पीथमपूरचं. एकच पान.
औषधांचा कारखाना, प्रयोगशाळा, हातात चोवीस हजार.
बस सहा चाळीसला, राजेंद्र नगरहून.
शनिवार अर्धा. विमा फक्त माझा.
पण मुलाखत संपल्यावर त्यांनी मला तो तराजू दाखवला,
काचेच्या पेटीतला.
दार उघडं असताना कुणी श्वास सोडला
तरी त्याचा आकडा हलतो.
मी श्वास धरून उभी होते
आणि मला फार बरं वाटत होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,
"कुठल्या कंपनीचा होता?"
"काय?"
"तो, काचेतला."

आई सकाळीच म्हणाली होती, आधी विम्याचं बघ.
मागल्या साली बाबांना स्टेंट बसला.
पैसे देवासच्या मामांनी भरले, पुन्हा कधी विषय काढला नाही.
पण तेव्हापासून देवासला गेलं
की बाबा चहात एकच चमचा साखर घेतात
आणि पोह्यांची बशी अर्धी झाली की "पुरे" म्हणतात.
हे कुठल्या पारड्यात टाकायचं
ते दोन्ही पत्रांत लिहिलेलं नव्हतं.

सराफ्यातून दुरुस्तीला आलेला
छोटा पितळी काटा बाबांनी पुढे ओढला.
एकीकडे तीन पानं घडी घालून, दुसरीकडे एक.
तीन पानं खाली गेली.
"पंधरा ग्रॅम आणि पाच. झाला निकाल."
विनोद करताना बाबा हसत नाहीत.
शेजारचे हातिमभाई हसले, हिंगाचा डबा तसाच हातात:
"क्या भिया, कागज ही तौल दिए!"

मग त्यांनी दोन्ही पत्रं उचलून मला दिली.
"आता बघ."
काहीच नव्हतं, तरी काटा डावीकडे झुकलेला.
राईभर.
"गिऱ्हाईक मालावरून भांडतं," ते म्हणाले,
"आधी रिकामा कुणी बघतच नाही."
आणि उजव्या पारड्याखाली शिशाचा कण बसवू लागले,
चिमटा, दिवा, जीभ दातांत धरून.

माझा कुठे झुकलाय ते त्यांनी विचारलं नाही.
मला माहीत होतं.
त्यांनाही. म्हणून तर ते मान वर करत नव्हते.

रात्री मी तीन पानांवर सही केली.
आईनं दिवा लावलेला होता त्यावर पुन्हा तेल घातलं.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून
फक्त तारीख वाचली.
"नापतोलवाल्यांचा शिक्का एका वर्षाचा असतो," म्हणाले.
"वर्षानं परत आणावा लागतो काटा.
खरा असला तरी."

आज गाडी आठ दहाला आली.
मागच्या सीटवर दोघंजण आधीच झोपलेले.
राजवाड्यापाशी अडकलो. गल्लीच्या तोंडातून दिसलं:
सराफ शटर ओढत होते,
आणि त्यांच्याच पायऱ्यांवर
भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढत होत्या.

ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, एसी?"
पर्समध्ये दुसरं पत्र होतं. पाच ग्रॅम.
मी म्हटलं, नको,
आणि काच खाली केली.